पहिलं मिग-21: साधा ब्रश की एअरब्रश? गावात बसून ठरवताना

पहिलं जेट-मॉडेल, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग चिकटवून रंगवायचं छोटं विमान, करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एअरब्रश (दाबाच्या हवेनं रंगाचा बारीक फवारा मारणारं अवजार) घेऊ, की साध्या ब्रशनं भागेल? मी उलट विचारतो, विमान कोणतं आणि कोणत्या काळातलं? निम्मं उत्तर तिथंच मिळतं. उरलेलं निम्मं आपल्याकडचं ऊन, धूळ आणि लाइन ठरवते. पैशाचा हिशेब त्यानंतर.

मिग-21 चंच घेऊ, कारण विचारणारे बहुतेक जण त्याचंच नाव काढतात. 1963 मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं. सुरुवातीची विमानं उघड्या धातूची, चंदेरी. 1971 च्या युद्धाच्या वेळी त्यातल्या अनेकांवर घाईघाईनं हिरवे-मातकट रंग फासले गेले आणि एका स्क्वाड्रनचा नमुना दुसरीशी जुळेल याची खात्री नव्हती. शेवटची बायसन विमानं, म्हणजे मिगचं सुधारलेलं रूप, राखाडी. विमान एक, पण या तीन अवतारांना लागणारं साहित्य वेगळं.

चंदेरी मिग साध्या ब्रशनं करायच्या फंदात पडू नका. धातूच्या रंगात चकाकीचे बारीक कण असतात, ते ब्रशच्या फटकाऱ्यासोबत एका दिशेनं लोळतात आणि प्रत्येक फटकारा उन्हात वेगळा चमकतो. कितीही पातळ हात मारा, पट्टे दिसणारच. शिवाय चंदेरी रंग काही झाकत नाही. जोडावर पॉलिश पेपरचा एक ओरखडा राहिला तरी तो ओरडून सांगतो. इथं काळ्या चकचकीत थरावर एअरब्रशनं ॲल्युमिनियमचा बारीक फवारा हाच रस्ता.

1971 चा मिग एफएल (मिग-21 चा त्या काळचा प्रकार) मात्र ब्रशवाल्याचं विमान आहे. खऱ्या विमानावरचाच रंग घाईचा, कडा असमान, कुठं खालची चांदी डोकावणारी. तुमच्या हाताचा थोडा कच्चेपणा त्यात खपून जातो. तरी जाड रंग एकदाच थापायचा नाही. दुधासारखा पातळ करून तीन-चार हात मारायचे, प्रत्येक हात आधीच्याला आडवा आणि मधे पूर्ण वाळू द्यायचा. पहिला हात भयानक दिसतो, डाग-डाग. तिथंच लोक घाबरून वर जाड रंग ओततात आणि पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, बारीक रेघा बुजवून टाकतात.

राखाडी बायसन या दोघांच्या मधे. ब्रशनं जमतं, पण एकसुरी फिक्या रंगावर चूक लपायला जागा नाही. ऑटोमोबाइलच्या दुकानातला स्प्रे कॅन हा तिसरा पर्यायही लोक सुचवतात. प्रायमरसाठी, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थरासाठी, तो चालेल, पण थर जाड बसतो. 1/72 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, एवढ्याशा पंखावर मला तो पटत नाही.

किट, म्हणजे सुट्या भागांचं खोकं, घेताना एक गोष्ट नक्की बघा. एफएलची पाठ, म्हणजे कॉकपिटमागून शेपटीकडं जाणारा उंचवटा, बारीक असतो. बिस या नंतरच्या प्रकाराचा जाड. बायसन हे बिसचंच सुधारलेलं रूप, म्हणून बिसच्या किटमधून 1971 चा एफएल निघत नाही, रंग कितीही बरोबर असला तरी. खोक्यातल्या डिकलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील स्टिकर) भारतीय खुणा आहेत का तेही वाचा. नसतील तर त्या वेगळ्या मागवाव्या लागतात.

आता आपल्याकडचं हवामान. परदेशी व्हिडिओंमधले सल्ले इथं गडबडतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा) रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो. नळी तुंबते, मग एकदम शिंतोडा उडतो. थोडं लांबून फवारलं तर रंग हवेतच वाळून विमानावर पॉलिश पेपरसारखा खरबरीत बसतो. उपाय म्हणजे रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे थेंब, जवळून फवारणी आणि सकाळी ऊन चढायच्या आत काम. कूलर लावून रंगवू म्हणाल तर तो ओली हवा आणि गवताच्या पॅडची कुसं दोन्ही थेट ओल्या रंगावर आणून टाकतो. ब्रशवाल्यालाही उन्हाचा त्रास आहेच, पण त्याचा इलाज सोपा: पॅलेटवर ओला स्पंज ठेवायचा.

पावसाळ्यात लॅकर (थिनरचे, झटपट वाळणारे) रंग बंद ठेवा. त्यातला द्रव इतक्या झपाट्यानं उडतो की पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. पाण्यातल्या ॲक्रिलिकला हा त्रास नाही, फक्त वाळायला वेळ जास्त.

हिवाळा मॉडेलसाठी सोन्यासारखा, पण शेतकऱ्याच्या घरात एक अडचण आहेच. भाव येईपर्यंत कापूस घरात असतो. त्याचं बारीक पीस दिसत नाही आणि ओल्या चकचकीत थरावर अचूक येऊन बसतं. चिमट्यानं उचलायला गेलात की सोबत रंगाची साल निघते. ते तसंच वाळू द्या, दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकेच घासा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे रंग दिला की मॉडेल लगेच झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवणं. धूळ दोघांनाही छळते, पण एअरब्रशवाल्याला जास्त, कारण त्याचे थर गुळगुळीत असतात आणि त्यावर सगळं दिसतं.

लाइनचं म्हणाल तर छोटा टाकीवाला कंप्रेसर फार वीज खात नाही, घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा चालतो. अडचण मधेच लाइन जाण्याची. कपात पातळ केलेला रंग, सुईत रंग आणि हवा बंद. उन्हाळ्यात काही मिनिटांत तो आत घट्ट होतो. म्हणून क्लिनरची बाटली रंगाआधी टेबलावर हवी. एअरब्रशचा खरा खर्च खरेदीचा नसतो, सफाईचा असतो: प्रत्येक रंगानंतर सुई काढा, पुसा, परत बसवा. हे रोज करायची ज्याची तयारी नाही त्यानं घेऊच नये. घ्यायचाच तर डबल ॲक्शन (हवा आणि रंग एकाच खटक्यानं वेगवेगळे सोडणारा), 0.3 मिलिमीटर नोझल, वर कप असलेला घ्या. हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय पुरतो. मास्क लावा, रंग पाण्यातला असला तरी.

रंगाच्या बाटलीची निवडही यावरच. ब्रशला वालेहो कंपनीसारखे पाण्यातले ॲक्रिलिक बरे. तामिया कंपनीचे ॲक्रिलिक एअरब्रशमधून सुरेख निघतात, पण ब्रशनं दुसरा हात मारताना पहिला उचलून आणतात. एनॅमल (तेलाचा रंग) ब्रशला सगळ्यात दयाळू, आपोआप सपाट होतो. पण वाळायला वेळ लागतो आणि वास घरभर. घरात लहान लेकरं असतील तर सोडा. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट स्वस्त म्हणून वापरू नका, त्याचा थर दारा-खिडक्यांसाठी असतो.

बोअरच्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडं ते बहुतेक जड असतं. डिकल भिजवले, वाळले की खुणेभोवती पांढरा वर्ख उरतो. गॅरेजात मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा. फक्त बाटली नीट वाचा, ॲसिड उचलून आणू नका.

1/72 की 1/48? मिग साधारण साडेचौदा मीटर लांब, म्हणजे 1/72 मध्ये वीस सेंटिमीटर आणि 1/48 मध्ये तीस. ब्रशवाल्यानं 1/72 घ्यावं, कारण मोठ्या पृष्ठभागावर फटकारे जास्त दिसतात. एअरब्रशवाल्याला 1/48 मध्ये मजा आहे. सुखोई-30 चा विचार असेल तर 1/72 मध्येच तो तीस सेंटिमीटरचा होतो, त्यामुळं 1/48 आणण्याआधी कपाटाची फळी मोजून घ्या. दोन्ही मापांत मिगच्या नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर तो शेपटीवर बसतो. गळाला लावायचे शिशाचे गोळे तालुक्याच्या बाजारात मिळतात, ते नाकातल्या शंकूत बसतात. दोन अर्धी चिकटवण्याआधी घाला, नंतर जागा नाही.

वेदरिंगमध्ये, म्हणजे विमान वापरलेलं-झिजलेलं दाखवण्यात, दोघांची बरोबरी आहे, उलट साधा ब्रशच इथं राजा. रंगावर चकचकीत वार्निश, मग डिकल, परत वार्निश. त्यावर बर्न्ट अंबर ऑइल रंग टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून बारीक ब्रशचं टोक पॅनेलच्या रेघेला लावा. रंग आपोआप रेघेतून धावत जातो. अर्ध्या तासानं उरलेला कापडानं पुसा, हवा वाहते त्या दिशेनं, नाकाकडून शेपटीकडं. शेवटी मॅट, म्हणजे चमक नसलेला, थर. जेटवर तांबूस गंज काढू नका, ॲल्युमिनियमला तो येत नाही. झीज दाखवायची ती पंखाच्या मुळाशी, जिथं मेकॅनिक पाय ठेवतात, आणि सारख्या उघडल्या जाणाऱ्या झाकणांच्या कडांना. उन्हात उभ्या विमानाचा वरचा रंग उडालेला असतो, म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून पाठीवर ठिकठिकाणी पातळ हात द्या. मागचा नोझल जळका, निळसर-तपकिरी. इतकं पुरे. पहिल्या विमानावर लोक सगळं तंत्र एकदाच ओततात आणि ते भंगारातून उचलल्यासारखं दिसतं.

तर माझं मत सरळ आहे. पहिलंच विमान असेल तर 1/72, रंगीत कॅमोफ्लाज, चांगले तीन ब्रश आणि पाण्यातले ॲक्रिलिक. चंदेरी मिगवरच जीव असेल तर एअरब्रशशिवाय सुरू करू नका, पैसे जमेपर्यंत थांबा. आणि दुसरं-तिसरं विमान होईल याची तुम्हाला खात्री असेल तर कंप्रेसर आत्ताच घेतला तरी चालेल.

मागवताना थिनर, एनॅमल आणि लॅकर किटसोबत एकाच ऑर्डरमध्ये टाकू नका. ज्वलनशील माल विमानानं पाठवत नाहीत, तो रस्त्यानं येतो आणि त्याच्यासाठी किटचं पार्सलही अडून बसतं.