टायमिंग लाइट : आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

बाबांची पद्मिनी मोटार अजून आमच्यात चालू आहे आणि विकायचा विषयच नाही, पण गेल्या पावसाळ्यापासनं स्लोला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) धडधडायची, वाघबीळच्या चढाला कधी मस्त ओढायची तर कधी नुसतं नॉकिंग, म्हणजे इंजिनातनं टकटक. दोन मिस्त्रींनी डेल्को (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावून दिलं, चार दिवसांनी परत ये माझ्या मागल्या.

शेवटी दीड हजारात क्लॅम्पवाला टायमिंग लाइट घेतला, प्लगला ठिणगी गेली की हा चमकतो. दोन क्लिपा बॅटरीला, क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरवर, त्याच्यावरचा बाण प्लगकडं. इंजिनच्या पुलीची खूण खडूनं पांढरी करून लाइट मारला तर खूण एका जागी दिसायची सोडून नुसती नाचत होती. तेव्हा कळलं, टायमिंग चुकीचं लावलं नव्हतं, ते टिकतच नव्हतं, मग डेल्को कितीही फिरवा.

आधी लाइटवरच संशय घेतला, कारण क्लॅम्प शेजारच्या वायरला लागला की भलतेच फ्लॅश पडतात, पण लांब धरला तरी तेच. डेल्कोला जाणारी व्हॅक्युमची नळी (ती पण टायमिंग सरकवते) काढून तोंड बंद केलं, स्लो कमी केला (जास्त असला तर डेल्कोतली वजनं उघडतात आणि खूण सरकते), फरक नाही. मग क्लॅम्प चार नंबरला लावला. एक आणि चारचे पिस्टन एकदमच वर येतात त्यामुळं खूण तिथंच दिसायला पाहिजे, ती दिसली तीन-चार मिलिमीटर बाजूला. घोळ डेल्कोतच! टोपण काढून शाफ्ट हलवला तर खटखट वाजत होता, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) खाल्लेला. शाफ्ट डुलला की पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) गॅप बदलतो, ठिणगी मागंपुढं होते, आणि डेल्कोचा एक डिग्री म्हणजे क्रँकचे (इंजिनच्या मुख्य शाफ्टचे) दोन, त्यामुळं जरासा प्ले, म्हणजे ढिलेपणा, पण लई नडतो.

उद्यमनगरात लेथवर गनमेटलचा बुश करून घेतला, रीमर मारून भोक मापात केलं, पॉइंट नवे घातले. खूण जागेवर उभी राहिली तेव्हा बाबांना हाक मारून दाखवली.

आता महिन्यातनं एकदा बघतो, पॉइंटची टाच (शाफ्टवर घासणारा भाग) झिजली की गॅप कमी होऊन टायमिंग मागं जातं ते लगेच दिसतं. तक्रार दोनच, वायरी आखूड आहेत आणि उन्हात काही दिसत नाही, संध्याकाळीच बघायचं. आणि फ्लॅशमध्ये पंखा थांबल्यासारखा दिसतो, तो फिरतच असतो, तिथं हात नेऊ नका.