बोलेरोच्या दारांची रबरं बदलली, त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला

आमची बोलेरो २००८ ची, मुक्काम चोपडा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी पाचही दारांची रबरं बदलली आणि परवा दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्राही करून आलो. आता लिहायला हरकत नाही.

मुद्दाम दोन प्रकारचा माल घेतला. पुढची दोन दारं आणि मागचं दार यांना कंपनीचं रबर, मधल्या दोन दारांना मीटरवर मिळतं ते. कंपनीचं जवळपास दुप्पट पडलं. बसवताना दोन्ही सारखीच मऊ होती, फरक दाखवला तो मे महिन्याने. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नसते. कंपनीचं रबर ईपीडीएमचं, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचं, अजूनही बोटाने दाबलं की लगेच वर येतं. मीटरवालं बिजागरीच्या बाजूला चपटं झालंय आणि दाबलं की तसंच राहतं. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढून बघा. पुढच्या दारात ती अडते, मधल्या दारातून अलगद निघून येते.

पण खरं काम रबराखालच्या पत्र्याच्या कडेचं. जुनं रबर उपटलं तर उंबऱ्यापाशी कड गंजून फुगलेली, दोन ठिकाणी वाकलेली. अशा कडेवर कितीही महागाचं रबर चढवा, धरणार नाही. पकडीने कड सरळ केली, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइड आणि वर रंग. रंग पूर्ण वाळेपर्यंत रबराला हात लावला नाही. बसवताना गॅरेजवाला पोरगा सारखा सांगत होता, "आप्पा, ताणू नका, ते नंतर आखडतं." बरोबरच आहे. कोपऱ्यात उलट थोडं जास्तीचं रबर कोंबायचं, जोड खाली उंबऱ्यावर घ्यायचा आणि कापताना बोटभर जास्त ठेवायचं. सुरुवातीला दारं आपटावी लागतात, घरचे कुरकुर करतात. लगेच स्ट्रायकर (दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो चौकटीवरचा आकडा) सैल करू नका, रबर बसलं की दार आपोआप हलकं होतं. आमच्या फक्त मागच्या दाराचा स्ट्रायकर जरा सरकवावा लागला.

धूळ अडवायला सगळ्यात जास्त फायदा त्या मागच्या दारानेच झाला. चौकोनी गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून चाकांनी उडवलेला फुफाटा मागच्या काचेवर येऊन चिकटतो आणि फट मिळाली की आत शिरतो. पैसे कमी असतील तर आधी ते दार करा. कच्च्या रस्त्यावर काचा बंद ठेवून ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालवला की आतला दाब थोडा वाढतो आणि धूळ आणखी कमी येते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून परतताना मागच्या सीटवरच्या पिशव्या झटकाव्या लागल्या नाहीत, यातच आलं.

पाण्याची गोष्ट वेगळी. जुलैत डाव्या बाजूचं पायपुसणं ओलं व्हायला लागलं आणि सगळ्यांनी नव्या रबराकडे बोट दाखवलं. रबराचा काही संबंध नव्हता. काचेवरून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं. ती भोकं काळ्या मातीने बुजलेली, आणि आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला. भोकं तारेने मोकळी केली, जाड प्लास्टिक ब्युटाइल टेपने चिकटवलं, विषय संपला. सोबत काचेच्या बाहेरची पट्टीही बदलली, ती अगदीच वाळली होती.

काचेच्या खाचेतली रबरं मात्र फक्त ड्रायव्हरच्या बाजूची नवी घेतली. बाकीची साबणाच्या पाण्याने घासून सिलिकॉन स्प्रे मारला, काचा आता अडत नाहीत. पण सिलिकॉनने मऊ रबर टिकतं, कडक झालेलं परत जिवंत होत नाही. जळकं ऑईल किंवा ग्रीस चोळायचा सल्ला देणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका, पेट्रोलियमच्या तेलाने ईपीडीएम फुगतं आणि सैल पडतं.

मधल्या दोन दारांना येत्या आखाजीच्या आत कंपनीचंच रबर लावणार आहे. ऐंशीच्या पुढे वाऱ्याची शिट्टी अजून वाजते, पण ती आरशाच्या कोपऱ्यातून येते, त्याला दाराचं रबर काय करणार.