कूर्चापेशींच्या कल्चरमध्ये काय वाढवावं: कॅल्शियम, मॅग्नेशियम की मँगनीज?

प्रयोगशाळेत डिशमध्ये कूर्चापेशी (सांध्यातल्या लवचिक कूर्चेच्या पेशी) वाढवताना तिन्हींपैकी एकच निवडायचं, तर आधी ठरवा की हवंय काय. सांध्याच्या कूर्चेत मुख्य माल दोनच: टाइप-२ कोलॅजन या प्रथिनाची जाळी आणि तिच्यात पाणी धरून ठेवणारं ॲग्रिकॅन, म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेलं मोठं प्रथिन.

कॅल्शियम हाताशी असतं म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. मला ते पटत नाही. डीएमईएममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या नेहमीच्या द्रवात (मीडियममध्ये), ते १.८ मिलिमोलर असतंच. त्याच्या बरंच वर गेलं की पेशी हाडाच्या वाटेला लागू शकतात: फुगतात, टाइप-१० कोलॅजन बनवतात, अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड घडताना लागणारं एन्झाइम वाढतं. वाढत्या हाडाच्या टोकाला हे हवंच असतं, सांध्याला नको. शिवाय पेशी ज्यात ठेवतात ते अल्जिनेट या जेलचे मणी कॅल्शियमवरच टिकतात. कॅल्शियमचाच परिणाम तपासायचा असेल, तर अगारोज हे दुसरं जेल घ्या.

माझं मत मॅग्नेशियमच्या बाजूने आहे. एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) वापरणारे बहुतेक एन्झाइम ते मॅग्नेशियमशी जोडलेल्या रूपातच वापरतात; आजूबाजूच्या जाळीला धरणाऱ्या इंटिग्रिन या पेशीवरच्या प्रथिनांनाही मॅग्नेशियम लागतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक वाढण्याला ते आवर घालतं. त्याच्या कमतरतेने कोवळ्या प्राण्यांच्या कूर्चेला इजा होते. पण एक मोठा घोळ इथे होतो. मॅग्नेशियम सल्फेट घातलंत, तर सल्फेटही वाढतं, आणि ॲग्रिकॅनच्या साखळ्यांना सल्फेट लागतंच. मग श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून क्लोराइड वापरा. तरी १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने ऑस्मोलॅरिटी (द्रवात विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) साधारण ३० मिलिऑस्मोलने चढते, आणि कूर्चापेशी तेवढ्यालाही प्रतिसाद देऊ शकतात. दुसऱ्या डिशमध्ये १५ मिलिमोलर मीठ घालून तुलनेसाठी कंट्रोल ठेवाच, म्हणजे ऑस्मोलॅरिटी तेवढीच चढेल.

मँगनीजचा मामला छोटा, पण नेमका. ॲग्रिकॅनवरच्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या जोडणाऱ्या काही एन्झाइमना ते लागतं; ते न मिळालेल्या कोंबडीच्या पिलांच्या कूर्चेत या साखळ्या कमी पडतात आणि हाडं आखूड राहतात. डीएमईएममध्ये ते मुळात घातलेलंच नसतं, मीडियममध्ये घालतात त्या सीरममधून (रक्तातल्या द्रवातून) जेमतेम येतं. सीरमशिवाय काम करत असाल, तर मायक्रोमोलर मात्रेत जरूर करून बघा. जास्त झालं तर पेशी मरतात.

कूर्चेचा माल किती बनला ते मोजताना डीएमएमबी या रंगावर थांबू नका. तो फक्त सल्फेट असलेल्या साखळ्या दाखवतो, कोलॅजन नाही. कोलॅजनसाठी त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल मोजा. दोन्ही आकडे डीएनएने (म्हणजे पेशी किती आहेत त्याने) भागा, आणि बदललेलं मीडियम फेकू नका: सुटलेलं ॲग्रिकॅन त्यातच असतं.