माळवद, कौल की स्लॅब? सांगली-साताऱ्याच्या उन्हात घरावर काय घालावं

सांगलीत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मार छपरावर, आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. म्हणून गारव्यासाठीचा पैसा आधी छपरात घाला.

जत, आटपाडी, माणकडच्या जुन्या घरांवर माळवद दिसतं. तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि वर फूटभर पांढरी माती. दुपारची धग एवढ्या मातीतून उतरेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं अंगणात निजायला गेलेली असतात. गारव्यात याला तोड नाही. पण फूटभर माती म्हणजे चौरस फुटाला साधारण 45 किलो. 10 बाय 12 च्या खोलीवर 5 टनांहून जास्त, भिजली की आणखी. खालची भिंत मातीत रचलेल्या दगडांची असेल तर भूकंपात दगड निसटतात आणि सगळं ओझं माणसांवर येतं. 1993 ला किल्लारीत असंच झालं. 1967 चा कोयनेचा भूकंप तर साताऱ्यातलाच. नवं घर असं बांधूच नये. जुनं माळवद राखायचं असेल तर तुळयांचा भार लाकडी खांबांवर आहे का ते बघा, आणि पावसाआधी नवी माती टाकताना जुनी खरवडून काढा. नाहीतर थर दरवर्षी चढत जातो.

मंगलोरी कौल हलकं, ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, साधारण 150 लागतात. मात्र नुसत्या कौलाखाली दुपारी बसवत नाही. वाड्यांमध्ये कौलाखाली फळ्यांचा माळा असायचा, खरा गारवा त्याचा. माळा घालाच, आणि आढ्याजवळ दोन्ही टोकांच्या भिंतींत झरोके ठेवा. ते बुजवले की कोंडलेली गरम हवा खाली खोलीत उतरते. चढ 12 फुटांना 6 ते 7 फूट हवा. त्याहून कमी केला तर वाऱ्याचा पाऊस कौलांच्या सांध्यांतून आत येतो. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला दुसरा विचारच नको, कौलच.

5 इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका झोपायच्या वेळी धग सोडतो. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करा, 10 फुटांना सव्वा इंच ढाळ देऊन. तेवढं बजेट नसेल तर होळीच्या आधी चुन्याचे दोन-तीन हात द्या. पावसात धुपतो, दरवर्षी द्यावा लागतो, तरी फरक त्याच रात्री कळतो. कृष्णाकाठच्या पूरपट्ट्यात मात्र स्लॅबच घ्या. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात माणसांना चढायला गच्चीच होती, आणि मातीत रचलेली भिंत पाण्यात उभी राहत नाही. शिवाय काळी माती फुगते-आकसते, तेव्हा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या.

छप्पर कुठलंही घ्या, पश्चिमेला 2 फुटी छज्जा उपयोगाचा नाही. ऊन तिरपं येतं, सरळ त्याखालून आत शिरतं. त्या बाजूला 6 फुटी पडवी काढा. जागा नसेल तर जिना, कोठीची खोली, संडास-बाथरूम तिकडे टाका आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला घ्या.