डॅटआधी फिजिऑलॉजी घ्यावी की बायोकेमिस्ट्री?

अमेरिकेतल्या डॅट (डेंटल स्कूलच्या प्रवेश) परीक्षेत विज्ञानाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात: जीवशास्त्राचे ४०, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्रत्येकी ३०. त्यामुळे परीक्षेआधी एकाच जादा कोर्सला जागा असेल, तर माझं मत फिजिऑलॉजीला. नेफ्रॉनचा कुठला भाग पाणी शोषून घेतो, हृदयाचा ठोका नेमका कुठून सुरू होतो, हे वर्गात पक्कं झालं की जीवशास्त्राच्या प्रश्नांत थेट उपयोगी पडतं. बायोकेमिस्ट्रीला वेगळा विभागच नाही. एन्झाइम, ग्लायकोलिसिस एवढ्यापुरता तिचा हातभार. तरी तिला कायमची रजा देऊ नका, अनेक डेंटल स्कूल प्रवेशासाठी ती मागतात. आणि ऑरगॅनिकचं दुसरं सत्र राहिलं असेल, तर या दोन्हींच्या आधी तेच उरका.