एका स्पेलिंगपायी पाच महिने गप्प बसलेला कंपायलर (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

जीसीसी आणि क्लँग हे सी भाषेचे कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारे प्रोग्राम; स्पीडच्या तुलना ढीगभर पडल्यात. मी आठ महिने दोन्ही रोज वापरतोय, मधूनमधून रस्ट या दुसऱ्या भाषेचा कंपायलरपण, आणि मला लिहायचंय ते एवढंच की ही मंडळी आपल्याशी बोलतात कशी. म्हणजे एरर, वॉर्निंग आणि ते डॅशवाले ऑप्शन, म्हणजे फ्लॅग, ज्यातून आपण कंपायलरला सूचना देतो. तीन महिन्यांनीच लिहायला बसलो होतो, तेव्हा जीसीसीला साडेचार स्टार देणार होतो. बरं झालं कंटाळा केला.

तर झालं असं. सी चा प्रोजेक्ट, त्यात रिलीज बिल्डसाठी, म्हणजे लोकांना द्यायचा प्रोग्राम तयार करण्यासाठी, फ्लॅगची वेगळी ओळ. पुढे कॉलबॅक (दुसऱ्या कोडने बोलवायची फंक्शनं) वाढतील आणि न वापरलेल्या पॅरामीटरच्या वॉर्निंगचा पाऊस पडेल म्हणून मी आधीच ती वॉर्निंग बंद करणारा डॅश-डब्ल्यू-नो वाला फ्लॅग टाकून ठेवला. टाकताना पॅरामीटरच्या स्पेलिंगमध्ये टी च्या आधीच्या ई च्या जागी ए पडला. बिल्ड झाला. कुणी काही बोललं नाही. पुढचे पाच महिने रोज बिल्ड होतोय आणि कुणी काही बोलत नाही, मग माणूस काय समजणार, की सगळं ठीक आहे.

मग एक दिवस फक्त रिलीजमध्ये कंपाईल होणाऱ्या एका इफडेफच्या, म्हणजे अटीवरच घेतल्या जाणाऱ्या कोडच्या, आत माझा सेमीकोलन राहिला. एरर आली, ती रास्त होती, पण तिच्याखाली एक नोट: हा ऑप्शन ओळखीचा नाही, कदाचित आधीचे मेसेज गप्प करायला दिला असावा. आधीचे कुठले? आधी तर सेमीकोलन आहे! मी सेमीकोलन टाकला, एरर गेली, नोटपण गेली. म्हटलं असेल काहीतरी, एकातून दुसरं निघालं असेल. दोन आठवड्यांनी वेगळ्याच फाईलमध्ये वेगळीच चूक, आणि खाली तीच नोट. आता मात्र डोकं फिरलं, कारण फ्लॅग तर पाच महिने "चालत" होता ना. दीड तास मी कंपायलरचं व्हर्जन बदललं का, पाथमध्ये (मशीन प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) दुसराच कंपायलर येतोय का हे शोधत बसलो. स्पेलिंग डोळ्यासमोर होतं पण आपलंच स्पेलिंग आपल्याला कधी दिसतं का.

शेवटी वैतागून तीच ओळ क्लँगला दिली. पहिल्याच फटक्यात वॉर्निंग: असा ऑप्शन माहीत नाही, तुम्हाला अमुक म्हणायचंय का, आणि बरोबर स्पेलिंग समोर. दोन सेकंद. इथे जीसीसीचे दोन स्टार गेले.

आता इथे मला थोडं मागे यावं लागतंय. राग शांत झाल्यावर मॅन्युअल उघडलं तर हे चक्क लिहून ठेवलंय. अनोळखी वॉर्निंग चालू करायला सांगितली तर जीसीसी लगेच अडवतो, पण अनोळखी वॉर्निंग बंद करायला सांगितली तर तो गप्प राहतो, आणि दुसरा काही मेसेज निघाला तरच तोंड उघडतो. कारण असं की नव्या कंपायलरसाठी लिहिलेली मेकफाईल (बिल्ड कसा करायचा हे लिहिलेली फाईल) जुन्या कंपायलरवर पण चालावी. जी वॉर्निंग त्या जुन्याला देताच येत नाही ती बंद कर म्हटलं तर त्याचं काय बिघडतं? काहीच नाही. विचार केला तर हे शहाणपणाचं आहे, मी जुन्या मशीनवर काम केलंय, मला पटतं. म्हणून एक स्टार परत.

पण अर्धा राग अजून आहे. स्पेलिंग सुचवायची अक्कल जीसीसीला सहाव्या व्हर्जनपासून, म्हणजे 2016 पासून आहे. बाकी ऑप्शन चुकवले की "हे म्हणायचंय का" असं तो नीट विचारतो. नेमकं याच नोटमध्ये नाही! जिथे फ्लॅग पाच महिन्यांपूर्वी लिहिलाय आणि लिहिणारा विसरून गेलाय, तिथे सुचवण्याची गरज जास्त की कमी?

बाकीचं पटापट. सेमीकोलन राहिला की जुना जीसीसी चुकीची जागा दाखवणारा बाण पुढच्या ओळीतल्या निर्दोष रिटर्नवर रोखायचा, आठव्या व्हर्जनपासून (2018) बाण मागच्या ओळीच्या शेवटी, जिथे सेमीकोलन हवा तिथेच येतो. छोटी गोष्ट वाटते, पण चोर सोडून शेजाऱ्याला धरणं थांबलं. डॅश-डब्ल्यू-ऑल या नावावर मी कितीही बोलू शकतो, "ऑल" म्हणायचं आणि सगळ्या वॉर्निंग द्यायच्या नाहीत, त्यासाठी वर एक्स्ट्रा नावाचा ऑप्शन, आणि एक्स्ट्रा लावूनही सगळ्या नाहीतच. क्लँगने खरोखर सगळ्यांसाठी एव्हरीथिंग नावाचा वेगळा ऑप्शन काढला, तो लावून बघा एकदा, परत लावणार नाही. कुठली वॉर्निंग चालू आणि कुठली बंद हे जीसीसीलाच विचारता येतं, डॅश-क्यू च्या जोडीला डॅशडॅश-हेल्प, मग बरोबरचं चिन्ह, मग वॉर्निंग्ज, सगळी यादी येते. हे मला सातव्या महिन्यात कळलं. साध्या हेल्पमध्ये त्याचा उल्लेख आहे, पण इतक्या ऑप्शनच्या गर्दीत की नजर त्यावर ठरतच नाही.

माझं टर्मिनल 24 ओळींचं आहे, खाली एडिटर असतो, मोठा स्क्रीन घेणार नाही, आहे तो चालतोय. त्यामुळे ओळींच्या बाबतीत मी चिक्कू आहे हे मान्य. क्लँग 20 एररवर स्वतःहून थांबतो हे मला आवडतं. जीसीसी थांबत नाही, त्याला मॅक्स-एरर्स सांगावं लागतं. मी एक ठेवलंय. पहिली एरर खरी, बाकीच्या बहुतेक तिची पिलावळ. रस्टचं सगळे कौतुक करतात, मीपण करतो, बहुतेक एररला नंबर, आणि रस्टसीला (रस्टच्या कंपायलरला) डॅशडॅश-एक्सप्लेन ई0308 म्हटलं की टाईप का जुळले नाहीत हे उदाहरणासकट समजावतो. हे डिझाईन भारी आहे, लांबलचक शिकवणी मागितल्यावरच मिळते. पण न मागताही एका एररला बारा-पंधरा ओळी जातात, तीन एरर आल्या की पहिली वर निघून गेली. मेसेज-फॉरमॅट शॉर्ट करता येतो, तेव्हा एका ओळीत एक. आता तेच लावून ठेवलंय, अडलं तर मोठा मेसेज.

आता गंमत. हे सगळं लिहायच्या आधी माझी स्वतःची एक स्क्रिप्ट उघडली, जुन्या बिल्डच्या फाईली साफ करणारी, तिला ड्राय-रन असा ऑप्शन आहे, म्हणजे फक्त यादी दाखव, उडवू नको. त्यात अनोळखी ऑप्शन आला तर काय करायचं तिथे मीच लिहिलं होतं: सोडून पुढे जा. म्हणजे मधला डॅश विसरून ड्रायरन असं टाईप केलं असतं तर स्क्रिप्टने तो ऑप्शन गिळून फाईली खरोखर उडवल्या असत्या, एक शब्द न बोलता. जीसीसीकडे निदान कारण होतं आणि ते मॅन्युअलमध्ये होतं. माझ्याकडे फक्त आळस.

दुरुस्त केली. अनोळखी ऑप्शन दिसला की काहीही न उडवता थांबते, एकच ओळ छापते, स्टँडर्ड एररवर (चुकांच्या मेसेजसाठीच्या वेगळ्या वाटेवर), चुकलेला शब्द जसाच्या तसा कोटात आणि शेजारी सगळ्यात जवळचा बरोबर ऑप्शन, आणि एक्झिट कोड 2, म्हणजे काम बिघडलं हे सांगणारा आकडा. आधी सोबत पूर्ण हेल्प छापत होतो, 30 ओळींची, तर मूळ तक्रारच वर पळून गेली, ते काढलं. काल रात्री स्क्रिप्ट चालवली आणि पहिलीच ओळ आली: "ड्रायरन" माहीत नाही, "ड्राय-रन" म्हणायचंय का?

जीसीसी साडेतीन, क्लँग चार. रस्टचा अर्धा स्टार ओळींपायी कापलाय, साडेचार.