पैसे इन्व्हर्टरचे, बसवला साधा एसी

नागपुरात मे महिन्यात एसी घ्यायला आलेला माणूस फार घासाघीस करत नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. मला दीड टनाचा स्प्लिट हवा होता. साधा, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारा फिक्स्ड स्पीडचा, आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर यांत बारा हजारांचा फरक. सेल्समन म्हणाला, "साहेब, बिल निम्मं येईल, दीड वर्षात वसूल." बायकोशी बोलून मी इन्व्हर्टरचे पैसे भरले.

घरी आलेला एसी वेगळाच होता. फिटिंगवाल्या पोरांनी खोकी खालीच फोडली, जड पडतात म्हणून, आणि घाईघाईत मशीन बसवून ती गेली. आतल्या युनिटवर 'इन्व्हर्टर' असं चकचकीत स्टिकर, पण ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल गायब. विचारलं तर म्हणे, खोक्यासोबत गेलं असेल.

रात्री कॉम्प्रेसर खट्ट करून बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा आणि त्या क्षणी ट्यूबलाइट मंद व्हायची. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार होत आली की सहसा वेग उतरवत चालत राहतो. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने वायरमधला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. कॉम्प्रेसर चालू असला की सात अँपिअर, बंद झाला की जवळपास शून्य. अधलंमधलं काहीच नाही. मग गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटची प्लेट वाचली. मॉडेल नंबर दुकानातल्या नमुन्याशी जुळत होता, फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी. कंपनीच्या ग्राहक सेवेने सांगितलं: तीन स्टार, फिक्स्ड स्पीड.

बिलावर काय? "१.५ टन स्प्लिट एसी १ नग." बस. ना मॉडेल, ना सीरियल नंबर. ही खरी मेख. मालक शांतपणे म्हणाला, "तुम्ही हाच पसंत केला होता."

म्हणून सांगतो, बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि दोन्ही युनिटचे सीरियल नंबर लिहून घ्या आणि भिंतीला ड्रिल लागायच्या आधी प्लेटशी ताडून पाहा. स्टार लेबल कोणत्या काळाचं आहे, तेही वाचा. जुलै २०२२ मध्ये निकष एका स्टारने कडक झाले. आधीचा पाच स्टार चारवर आला. जुना माल नव्या भावात खपवणारेही आहेत.

आणि ते "निम्मं बिल"? लेबलावरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. आमच्याकडे एप्रिलभर कूलर पुरतो, एसी लागतो तो कडक उन्हाळ्यातल्या रात्रींपुरता. एवढ्या वापरात बारा हजार दीड वर्षात निघणं अशक्य, मशीन अस्सल असतं तरी. ज्यांचा एसी रोज दहा तास चालतो, दवाखाना म्हणा, ऑफिस म्हणा, त्यांनी खुशाल जास्त मोजावेत. माझ्यासारख्याला तीन स्टार इन्व्हर्टर भरपूर.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर मालकाचा सूर बदलला. फरकाचे पैसे रोख देतो म्हणाला, पण 'तक्रार मागे घेतली' असं आधी लिहून द्या. मी नकार दिला. दुरुस्त बिल आणि बदली मशीन, दोन्ही हवंय. आता जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भरतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, हे मालकालाही कळवलंय.